दिवाळीनंतर खताच्या पोत्याला हात लावू नका

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि त्याहून उत्तरेला, थंडीच्या मुलखात घर-अंगण असलेल्या समस्त मराठी बागवाल्यांसाठी हे पत्र.

हे आवाहन घाईचं आहे, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. या शनिवारी-रविवारी बागेत खत घालायचा बेत असेल तर तो रद्द करा. लॉनला नको, गुलाबाला नको, हायड्रेंजियाला नको आणि घरात आणून ठेवलेल्या कढीपत्त्याला तर मुळीच नको. न्यू जर्सीत १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात घरमालकाने लॉनला रासायनिक खत घालायला कायद्यानेच मनाई आहे. पण मी काही कायद्याचा धाक दाखवायला बसलेले नाही. कायदा नसता तरी हेच लिहिलं असतं. आत्ता घातलेलं खत झाडाच्या कामी येत नाही. ते एक तर झाडाला इजा करतं, नाहीतर मुळांना चुकवून ओढ्यात किंवा विहिरीत जातं.

घाई का, तेही ऐका. सध्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात पाऊल टाका. दारातच, बर्फ वितळवायच्या मिठाशेजारी, लॉनच्या खताच्या पोत्यांची थप्पी लागलेली दिसेल. वर ठसठशीत नाव, 'विंटरायझर'. वाचून वाटावं, की हे घातलं नाही तर बाग थंडीत कुडकुडून मरणार. पोतं उलटं करून बारीक अक्षरं वाचा. ३२-०-१० किंवा असेच काही आकडे असतील. आपल्याकडे कृषी खात्याच्या पत्रकांत नत्र, स्फुरद, पालाश म्हणतात, त्या तिघांचं हे शेकडा प्रमाण. शंभर किलोत बत्तीस किलो नत्र. उसाला घालतात त्या युरियात ते ४६ असतं. नत्राचं मुख्य काम हिरवी वाढ करवणं, कोवळी फूट काढायला लावणं. आता थंडीच्या तोंडावर ही कोवळी फूट कुणाला हवी आहे? पालाशाने झाड थंडीला काटक होतं अशीही जाहिरात असते. त्यात तथ्य एवढंच, की मातीत पालाश कमी असेल तर त्याचा उपयोग होतो. कमी आहे की नाही, हे माती तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ती तपासतो कोण?

हंगाम संपत आला की हीच पोती निम्म्या किमतीला निघतात आणि निम्म्या किमतीची वस्तू सोडून येणं आपल्या रक्तात नाही. घ्या बापडे. फक्त एप्रिल-मेपर्यंत फोडू नका. कोरड्या जागी, जमिनीपासून जरा वर, फळीवर ठेवलं तर दाणेदार खत सहसा खराब होत नाही.

घाईचं दुसरं कारण तुमच्या फोनमध्ये आहे. पुण्याची मावशी, साताऱ्याचे काका किंवा गच्चीवरल्या बागेचा एखादा ग्रुप या दिवसांत फोटो पाठवतो: दसऱ्याच्या सुमारास गुलाब छाटला, आळं मोकळं केलं, दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली, आता बघा कशा कळ्या धरल्यात! फोटो खरा, सल्लाही शंभर टक्के खरा. पण तो पुण्याचा आहे. तिथे पाऊस संपतो, ऊन स्वच्छ होतं आणि हवा गार पडते. गुलाबाचा खरा हंगाम तेव्हा सुरू होतो. नाशिककडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होते, वेलींना नवी फूट येते, मग खतं सुरू होतात. शेतात रब्बीची पेरणी असते. दिवाळीनंतर मातीत काहीतरी घालायचं, ही आपल्या हाताला पिढ्यांची सवय आहे. नेमकी तीच सवय इथे घात करते, कारण चाळिसाव्या अक्षांशावर दिवाळीला बागेचा हंगाम संपलेला असतो.

फरक कुठे पडतो? एक उजेडात. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही साधारण अकरा तासांचा असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला तो सव्वानऊ तासांवर येतो. दुसरा पावसात, आणि याचा विचार फारसा कुणी करत नाही. महाराष्ट्रात परतीचा पाऊस गेला की पुढचे कित्येक महिने आभाळातून थेंब पडत नाही. पाणी आपण मोजून देतो, त्यामुळे खत घातलेल्या जागी राहतं आणि मुळांना सावकाश मिळत जातं. न्यू जर्सीत पाऊस-बर्फ बाराही महिने थोड्याफार सारख्या मापाने पडतो. उन्हाळ्यात त्यातलं बरंचसं पाणी झाडं ओढून पानांवाटे हवेत सोडतात. हिवाळ्यात पानंच नसतात, मग ते पाणी जमिनीत मुरत खाली जातं किंवा उतारावरून वाहतं. वाटेत जे विरघळण्यासारखं असेल ते सोबत नेतं.

आता झाडाकडे बघू. थंडी पडली म्हणून झाड झोपत नाही. त्याची तयारी ऑगस्टच्या अखेरीस, आपण अजून टोमॅटो तोडत असतो तेव्हापासून, सुरू झालेली असते. दिवस लहान होऊ लागल्याचं झाडाला कळतं. शेंड्याची वाढ थांबते, पुढच्या वर्षीचे डोळे खवल्यांच्या आवरणात बंद होतात. पानांतलं साधारण निम्मं नत्र झाड गळतीच्या आधीच परत ओढून घेतं आणि खोडाच्या सालीत, मुळांत साठवतं. एप्रिलची पहिली पालवी या साठ्यावर फुटते, आपण नोव्हेंबरात फेकलेल्या मुठीवर नाही. मग पहिल्या हलक्या गारठ्याने तयारीचा दुसरा भाग सुरू होतो. पेशींमध्ये साखर वाढते आणि पाणी पेशीबाहेरच्या पोकळीत सरकतं, म्हणजे गोठलंच तर तिथे गोठावं, पेशी फुटू नये. ही सगळी कामं ठरल्या क्रमाने, आठवडेच्या आठवडे चालतात. त्यात मध्येच नत्र ओतणं म्हणजे पाहुणे हात धुऊन उठल्यावर पुन्हा पंगत वाढायला घेण्यासारखं आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आज दुपारी गुलाबापाशी जा. जुनी फांदी बोटांत धरून किंचित वाकवा. ती ताठ असेल, साल करड्या-हिरव्या रंगाची, काटे वाळून टणक झालेले. आता ऑगस्ट-सप्टेंबरात भरपूर खत मिळालेल्या झुडपाचा शेंडा बघा. तांबूस, लुसलुशीत, काटे एवढे मऊ की नखाने निघतात. पारा शून्याखाली तीन-चार अंश गेला की सकाळी हाच शेंडा उकडल्यासारखा काळपट होऊन माना टाकतो. नुसता शेंडा गेला तर फारसं बिघडत नाही, तो एरवीही आपण छाटलाच असता. पण तिथून खाली मर उतरत जाते, मेलेल्या भागात बुरशी शिरते आणि मार्चमध्ये अर्धी फांदी तपकिरी निघते. नाशिककडच्या निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला तर द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. इथे तो उणे दहा-पंधरापर्यंत जातो, आणि आपण कोवळी फूट मागवायला निघालो आहोत.

कुणी म्हणेल, पानं गळून गेलेल्या, पूर्ण निजलेल्या झाडाला खत घातलं म्हणून ते काही जागं होत नाही. खरं आहे. डिसेंबरातला मेपल नत्राच्या नादाने पालवी काढणार नाही. मुळंसुद्धा मातीचं तापमान चार-पाच अंशांखाली जाईपर्यंत थोडीफार चालू असतात, हेही खरं. धोक्याचा काळ आत्ताचा आहे: झाड अर्धवट निजलेलं, मध्येच नोव्हेंबरचे चार उबदार दिवस येतात आणि घातलेलं नत्र विरघळतं. शिवाय झाडाला काही झालं नाही, तरी ते खत गेलं कुठे हा प्रश्न उरतोच. माझ्या मते तो मोठा प्रश्न आहे.

युरिया मातीत पडला की काही दिवसांतच त्याचं अमोनियम होतं. मातीतले जिवाणू पुढे त्याचं नायट्रेट करतात. माती दहा अंशांखाली गेली की हे काम मंदावतं, पण गोठण्याजवळ येईपर्यंत थांबत नाही. अमोनियमला मातीचे कण धरून ठेवतात, नायट्रेटला धरत नाहीत. मुळं ओढत नसतील तर पावसाच्या पाण्याबरोबर ते सरळ खाली भूजलात जातं. हंटरडन, ससेक्स या काउंट्यांत घर असलेल्या तुमच्यापैकी अनेकांच्या नळाला स्वतःच्या विहिरीचं पाणी येतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला दहा मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र ही अमेरिकेतली कमाल मर्यादा आहे. ती ठरली तान्ह्या बाळांसाठी. पाण्यात नायट्रेट फार झालं तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. आणि हे पाणी उकळून सुधारत नाही, उलट पाणी आटतं तसं नायट्रेटचं प्रमाण वाढतं. घरात बाळंतीण असेल तर विहिरीचं पाणी यंदा तपासून घ्याच.

स्फुरदाची तऱ्हा वेगळी. ते मातीला घट्ट चिकटतं, खाली उतरत नाही. ते वाहतं वरच्या वर, मातीच्या कणांबरोबर, किंवा गोठलेल्या जमिनीवरून घसरून. तुमच्या ड्राइव्हवेच्या टोकाला रस्त्याच्या कडेला जाळी आहे ना, तिच्यावर एकदा वाकून बघा. बहुतेक ठिकाणी माशाचं चित्र असलेली चकती बसवलेली असते आणि त्यावर लिहिलेलं असतं, की हे पाणी ओढ्या-नद्यांत जातं. त्या पाण्यावर मध्ये कुठेही प्रक्रिया होत नाही. एडिसनच्या रस्त्यावरचा दाणा आज ना उद्या रॅरिटनच्या खाडीकडे निघतो.

पुढे काय होतं ते २०१९ च्या उन्हाळ्यात इथल्या लोकांनी बघितलं आहे. हॉपॅटकाँग हे न्यू जर्सीतलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. ऐन जूनअखेर त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा असा उद्रेक झाला, की पाण्यात उतरू नका असा इशारा द्यावा लागला आणि काठावरच्या व्यावसायिकांचा अख्खा हंगाम बुडाला. त्याआधी २०१४ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या टोलीडो शहरात ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळाचं विष नळापर्यंत पोचलं. चार लाखांवर लोकांना, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं. याचं सगळं पाप आपल्या परसातल्या लॉनवर टाकायचं नाही. ईरीत जातं ते मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांचं खत, आणि हॉपॅटकाँगला सांडपाण्याच्या जुन्या टाक्या आणि त्या वर्षीचा मुसळधार पाऊसही कारणीभूत होता. पण शेतकऱ्याला खतातून निदान पीक तरी मिळतं. आपण नोव्हेंबरात घालतो त्यातून काहीच मिळत नाही. म्हणूनच ते बंद करणं सगळ्यात सोपं आहे.

न्यू जर्सीचा कायदा बार्नेगॅट उपसागराची दुर्दशा झाल्यावर, २०११ च्या जानेवारीत झाला. घरमालकाला मुदत १५ नोव्हेंबर, तर प्रमाणपत्र असलेल्या धंदेवाईक लोकांना १ डिसेंबर. एरवीही गोठलेल्या जमिनीवर किंवा जोरदार पाऊस येणार असताना खत घालायचं नाही, आणि रस्त्यावर-फरशीवर सांडलेलं झाडून परत घ्यायचं. स्फुरद तर माती तपासून गरज दिसली तरच, किंवा लॉन नव्याने लावताना. मेरीलँडमध्येही घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्च मनाई आहे. न्यूयॉर्कमध्ये लॉनखताची बंदी १ डिसेंबर ते १ एप्रिल. मिनेसोटाने तर २००५ पासून राज्यभर लॉनच्या खतातून स्फुरदच काढून टाकलं आहे. मिनिआपोलिस, मिशिगन, टोरंटोच्या मंडळींनी तारखांची वाट बघू नये. तुमचा हंगाम आमच्या कितीतरी आधी संपला. कायदा लॉनपुरता आहे, भाजीच्या वाफ्यांना आणि फुलझाडांना तो लागू नाही. पण पावसाचं पाणी लॉन कुठलं आणि वाफा कुठला हे बघून वाहत नाही.

लॉनबद्दल एक गैरसमज मात्र व्हायला नको. इथलं गवत, केंटकी ब्ल्यूग्रास काय की फेस्क्यू काय, थंड हवेचं आहे आणि त्याला वर्षातला एकच हप्ता द्यायचा तर तो सप्टेंबरात द्यावा, हे बरोबर. ज्यांनी दिला, त्यांनी उत्तम केलं. ज्यांचा राहिला, त्यांनी तो आता भरून काढू नये.

कुणी म्हणतील, आम्ही रासायनिक वापरतच नाही. आमचं सगळं घरचं. ताक, तांदळाचं धुवण, कांद्याच्या सालींचं पाणी, आणि उत्साही मंडळींकडे ड्रमभर जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती! कौतुक आहे. पण या सगळ्यांचं काम जिवाणूंवर चालतं आणि चार अंशांच्या मातीत जिवाणू हात-पाय गाळून बसलेले असतात. गूळ घातल्याने काही माती गरम होत नाही. ओलं शेण किंवा कोंबडीखत उघड्या वाफ्यावर थंडीभर पसरून ठेवणं तर सरळ चूक. पहिल्या बर्फाच्या वितळण्याबरोबर अर्क वाहून जातो. फायरप्लेसची राखही हात राखून. तिने मातीचा आम्लपणा कमी होतो, आणि ब्ल्यूबेरी, अझेलिया यांना आम्लपणाच लागतो. आणि एक ऐकून थक्क व्हाल असा प्रकार: पायऱ्यांवरचा बर्फ वितळवायला मिठाऐवजी युरिया टाकणारे लोक आहेत. सिमेंट खराब होत नाही म्हणे! तो सगळा युरिया रस्त्याकडच्या जाळीत जातो. वाळू टाका, फावडं चालवा.

मग हात बांधून बसायचं का? छे. झाडांना हवं ते तुमच्या अंगणात आत्ता फुकट पडलेलं आहे. ते तुम्ही ढकलून रस्त्याच्या कडेला लावताय, किंवा पैसे देऊन ब्लोअरवाल्याकडून लावून घेताय. रस्त्यावर भिजणारी पानं म्हणजे चहाचीच पूड. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने रस्त्यांवरून वाहणारं पाणी तपासलं. पानं उचलली नाहीत अशा भागात वर्षभरात वाहून गेलेल्या स्फुरदापैकी निम्म्याहून जास्त स्फुरद पानगळीच्या दिवसांतलं होतं. तेच स्फुरद, तेच नत्र तुमच्या वाफ्यात राहिलं तर खताचा काही खर्च वाचेल.

पानं कोरडी असताना लॉनमोअर त्यांच्यावरून दोनदा फिरवा. नाण्याएवढे तुकडे होतील. लॉनवर पातळ थर राहू द्या, खालचं गवत दिसत असलं म्हणजे झालं. उरलेला चुरा फुलझाडांच्या आणि भाजीच्या वाफ्यांत दोन-तीन इंच पसरा. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा. खोडाला डोंगरासारखा पाचोळा रचला की साल कुजते आणि उंदीर तिथे संसार थाटतात. ओकची जाड पानं न चुरता टाकू नका, त्यांच्या चटया होतात आणि पाणी अडतं. त्यातूनही उरली तर कोपऱ्यात जाळीचं कडं करून भरा. दीड-दोन वर्षांत काळीभोर, भुसभुशीत पानमाती मिळते, कुंडीत घालायला तिच्यासारखं काही नाही. पुरतं मुरलेलं कंपोस्ट असेल तर एक इंच थर आताही चालेल. ते हळूहळू सुटतं, शिवाय पानांखाली झाकलेलं राहतं. दिवाळीच्या झेंडूच्या माळा, देवघरातलं निर्माल्य, सगळं त्याच कड्यात. दोरा तेवढा काढा.

सदाहरित झाडांना, म्हणजे रोडोडेंड्रॉन, होली, आर्बोरव्हिटी यांना, खतापेक्षा पाण्याची जास्त गरज आहे. त्यांची पानं हिवाळ्यातही पाणी गमावत असतात आणि जमीन गोठली की मुळांना ते भरून काढता येत नाही. मार्चमध्ये तपकिरी पडलेली आर्बोरव्हिटीची रांग बघून लोक म्हणतात खत कमी पडलं. बऱ्याचदा ती तहानेने गेलेली असते. आठवडाभर पाऊस नसेल तर जमीन गोठेपर्यंत त्यांना बुडापाशी सावकाश, भरपूर पाणी द्या. मगच बाहेरचा नळ बंद करा.

लसूण अजून लावला नसेल तर जमीन हाताला लागते आहे तोवर लावून घ्या. पाकळीचं टोक वर, दोन-तीन इंच खोल, वरून पानांचं आच्छादन. खत आता नाही. एप्रिलमध्ये पात वाढू लागली की द्या. जुलैत काढणी. आणि माती तपासायची ती याच दिवसांत. रटगर्स विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेकडे नमुना पाठवता येतो. वाफ्यात वेगवेगळ्या जागी सहा-सात इंच खोल खणून थोडी थोडी माती घ्या, प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, सावलीत वाळवा, त्यातली पेलाभर पाठवा. अहवालात चुना घालायला सांगितला तर तो मात्र आत्ता घालता येतो, जमीन गोठायच्या आत. चुन्याला मुरायला महिने लागतात, हिवाळा त्याच्या पथ्यावर पडतो. दिवाळीनंतर मातीत काहीतरी घातल्याशिवाय ज्यांना करमतच नाही, त्यांनी हा अहवाल जरूर मागवावा.

आता घरातल्या कुंड्या. आपल्या माणसांच्या घरी नोव्हेंबरात खिडकीपाशी जागा मिळत नाही. कढीपत्ता, मोगरा, लिंबू, तुळस, गवती चहा, सगळे आत आलेले असतात. दर वर्षी जानेवारीत ग्रुपवर तोच फोटो येतो: कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळतायत, काय घालू? काही घालू नका. कढीपत्ता या दिवसांत पानं गाळतो, तो त्याचा विसावा आहे. सव्वानऊ तासांच्या, त्यातही ढगाळ उजेडात त्याला वाढायचंच नाही. अशा वेळी घातलेलं खत वापरलं जात नाही, कुंडीतच साचतं. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरट खपली धरलेली दिसेल, ते हेच क्षार. मुळांची टोकं जळतात, पानांच्या कडा करपतात, आपल्याला वाटतं उपासमार होतेय आणि आपण आणखी एक चमचा घालतो! कढीपत्ते थंडीपेक्षा अशा मायेने जास्त मरतात, असं माझं ठाम मत आहे. खपली चमच्याने खरवडून काढा. कुंडी बाथटबमध्ये ठेवून कोमट पाणी तळातून वाहीपर्यंत दोनदा घाला, निथळू द्या. त्यानंतर वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी नाही. खत थेट मार्चअखेर, नवा कोंब दिसल्यावर, तेही निम्म्या ताकदीचं. तुळशीचं लग्न लावून झालं की मंजिऱ्या खुडून कागदाच्या पुडीत ठेवा. रोप हिवाळ्यात टिकलं नाही तरी वसंतात बी हाताशी असेल.

राहता राहिला तुमचा लॉनवाला. बहुतेकांनी वर्षाचं कंत्राट दिलेलं असतं. त्यात सहावी किंवा सातवी फेरी 'लेट फॉल' म्हणून लिहिलेली असते. त्याला ३० नोव्हेंबरपर्यंत कायद्याने मुभा आहे, त्यामुळे तो येईल, तुम्ही ऑफिसात असताना मशिन फिरवून जाईल आणि दाराला पिवळी झेंडी लावून ठेवेल. त्याला आजच फोन करा. ही फेरी नको, तिचे पैसे पुढच्या सप्टेंबरच्या फेरीत वळते करा, किंवा त्याऐवजी पानं चुरून वाफ्यांत टाकून द्या, असं स्पष्ट सांगा. बहुतेक जण ऐकतात. ऐकत नसेल तर माणूस बदला. सोसायटीत राहत असाल तर लॉनचा निर्णय कमिटीकडे असतो; अध्यक्षांना आज रात्रीच ईमेल टाका, कारण फेरी होऊन गेल्यावर त्या ईमेलचा उपयोग नाही. आणि हे पत्र तुमच्या मंडळाच्या, शाळेच्या, ढोल पथकाच्या ग्रुपवर पुढे पाठवा. गुलाबाच्या फोटोंखाली पाठवलंत तर अधिक बरं.